कयाधूच्या पुलावर चार मीटर तेरा

पावसाळा संपत आला होता. आमची फील्ड कंपनी विदर्भात पूलबांधणीच्या सरावावर होती. सकाळी ०५१० वाजता कंपनी हवालदार मेजर तंबूच्या दारात उभा राहिला.

"राठोड, हिंगोली तेरा जिला है ना?"

"जी, सीएचएम साब."

"तेरी नदी चढ़ गई है. बीस मिनट में गाड़ी."

मी म्हणालो, नदी माझी नाही, माझ्या सासरवाडीची आहे, आणि त्या बाजूचं काहीही चढलं की मला आधी कळतं. सीएचएम हसला नाही. त्यावरून मी ओळखलं की काम मोठं आहे.

मी हवालदार प्रल्हाद राठोड. सेनगाव तालुक्यात साखऱ्याजवळ आमचा तांडा. इंजिनिअर शाखेत माझा ट्रेड सर्व्हेअरचा, म्हणजे मोजणीचा. लोकांना वाटतं सैनिक म्हणजे बंदूक. मी अठरा वर्षांच्या नोकरीत बंदुकीपेक्षा फूटपट्टी जास्त उचलली. गावात हे सांगितलं की ऐकणाऱ्यांची तोंडं उतरतात, म्हणून बरीच वर्षं मी हे सांगत नव्हतो.

मदतीला निघालेल्या आमच्या तुकडीत, म्हणजे कॉलममध्ये, एक ऑफिसर, एक जेसीओ, बावीस जवान आणि दोन असॉल्ट बोटी होत्या. कमांडर होत्या कॅप्टन मेघा नायर. वय सत्तावीस. कमी बोलणार, एकदाच बोलणार. एक बोट जेसीओ साहेबांबरोबर दुसऱ्या गावाला गेली. आमच्या बोटीचा ऑपरेटर होता नाईक मिलिंद खिल्लारे. बोटीच्या मागे बसवायच्या मोटरला आम्ही ओबीएम म्हणतो. ती ओबीएम खिल्लारेच्या हातात असली की बोट त्याचं ऐकायची. इतरांच्या हातात ती फक्त आवाज करायची.

खिल्लारे कनेरगाव नाक्याचा. अख्ख्या कंपनीत हिंगोलीचे आम्ही दोघेच. नऊ वर्षं बरोबर होतो. दुसऱ्यांना कळू नये असं काही बोलायचं असलं की आम्ही गावाकडच्या बोलीत शिरायचो. पुण्याकडची पोरंसुद्धा मग आमच्या तोंडाकडे बघत बसायची.

वाशिमकडून येताना कनेरगाव नाका वाटेतच लागतो. ०६१५ ला गाडीचं टायर तपासायला थांबलो. हॉल्ट दहा मिनिटांचा. खिल्लारेच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान तिथून पन्नास पावलांवर. कॅप्टन साहेबांनी परवानगी दिली. म्हणाल्या, "चार मिनट." मीही बरोबर गेलो.

बाबाराव काका पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होते. मुलगा वर्दीत समोर उभा राहिला तरी त्यांनी ट्यूब सोडली नाही.

"इकडं काहून?"

"पूर आला ना बाबा तिकडं. काढायला चाललो."

"पूर काढायला?"

"माणसं."

"जेवला का?"

"न्हाई."

"मग बोलून काय राहिला? घे." त्यांनी आपल्या जेवणाचं फडकं तसंच्या तसं त्याच्या हातात दिलं. मग माझ्याकडे बघितलं. "हे कोण?"

"हे राठोड हवालदार. साखऱ्याचे. यांच्यापाशी पाणी मोजायचा डबा हाय."

"मोजल्यानं पाणी कमी व्हतं का, हवालदार?"

"न्हाई, काका. कुठं थांबायचं ते कळतं."

"बराबर," ते म्हणाले आणि पुन्हा ट्यूबकडे वळले. चार मिनिटं झाली होती.

०६५५ ला आम्ही पुलावर पोहोचलो. नरसी या तीर्थगावाच्या वरच्या अंगाला कयाधूवर तो पूल आहे. अलीकडे डांबरी रस्ता, पलीकडे उतारावर एक तांडा. पुलाचा पलीकडचा भराव रात्रीत वाहून गेला होता. पूल उभा होता, पण पुलावरून तांड्यात जाता येत नव्हतं. त्रेचाळीस माणसं तिकडे अडकली होती. त्यांना बोटीने आणायचं आणि नरसीला यात्रेकरूंच्या खोल्यांत पोहोचवायचं, एवढं काम.

अडचण खालच्या बाजूला होती. बोट जिथून नदी ओलांडणार होती तिथून चारशे मीटर खाली पाणी अडवायचा जुना बंधारा होता. तो आता पाण्याखाली गेला होता. वरून फक्त एक गुळगुळीत वळी दिसायची आणि तिच्यापुढे फेस. बोट तिथे गेली की उलटणार, यात कुणाचं दुमत नव्हतं. पाणी जितकं चढेल तितका प्रवाह जोराचा. कॅप्टन साहेबांनी आणि खिल्लारेने दोन फेऱ्या मारून हिशेब केला. पुलाच्या खांबावरच्या खुणेने साडेचार मीटरपर्यंत आमची मोटर भरलेली बोट धरू शकते. त्याच्या वर नाही. आदेश झाला: चार पन्नासला बोट जिथे असेल तिथे काठाला बांधायची.

म्हणजे सगळं माझ्या डब्यावर आलं.

डबा म्हणजे अल्ट्रासॉनिक सेन्सर. पुलाच्या कठड्यावरून खाली तोंड करून टांगायचा. तो पाण्यावर आवाज सोडतो, आवाज परत यायला किती वेळ लागला ते बघतो आणि पाणी किती खाली आहे ते सांगतो. दर दहा सेकंदांनी एक आकडा. तो वायरने माझ्या लॅपटॉपवर यायचा. ऐकायला सरळ वाटतं. पण पुराचं पाणी म्हणजे काही ताटातलं पाणी नाही. लाटा असतात. फेस असतो. कडब्याच्या पेंढ्या, थर्माकोल, आख्खी बाभळ पुलाखालून जाते. डब्याला बाभळ आणि पाणी यातला फरक कळत नाही. त्याचा आवाज जिथे आपटेल तिथे तो पाणी समजतो.

०७४० ला काम सुरू झालं. पाणी तीन नव्वद.

०८१५ ला स्क्रीनवर एकदम चार बहात्तर आलं. मी ओरडलो. कॅप्टन साहेबांनी बोट परत बोलावली. खिल्लारे अर्ध्या नदीतून वळला. बोट रिकामी होती, पलीकडच्या काठावर लोक हात करत होते. वीस सेकंदांनी पाणी पुन्हा तीन चौऱ्याण्णव. खांबाला घासून एक बाभूळ निघून गेली.

०९०५ ला पुन्हा तेच. या वेळी बोटीत सहा माणसं होती, तीन लेकरांसकट. त्यांना मग अलीकडच्या काठाला उतरवल्यावर खिल्लारे पुलावर चढून आला. अंगातून पाणी निथळत होतं.

"राठोडभाऊ, तुमचा डबा झाडाला पाणी म्हणून राहिला."

"डब्याला डोळे न्हाईत, मिलिंद."

"तुमाला हायेत ना? तिकडचे लोक काय म्हणले माहीत हाय? मिलिटरी भेली म्हणले. एक म्हातारा तर बोटीत बसायलाच तयार न्हाई. म्हणे तुमी अर्ध्यातून वळता."

"कोणता म्हातारा?"

"शेळ्यावाला. वर टेकाडावर घर हाय त्याचं. म्हणे शेळ्या घ्या मग येतो. मी म्हणलं, आजा, शेळ्यांचं आधार कार्ड हाय का? तर मला काठी उगारली." तो हसला. मग हसू बाजूला ठेवून म्हणाला, "तिसऱ्यांदा खोटं बोलावलं तर लोक बोटीत चढणार न्हाईत. काही करा."

कॅप्टन साहेब शेजारीच होत्या. मराठी त्यांना कळत नव्हती, पण सूर कळला. "राठोड, इसको ठीक करो."

मी ठीक केलं. कसं, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमच्या तांड्यात भांडण झालं की नसाब बसते. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. तांड्याचा नायक मध्ये बसतो आणि सगळ्यांचं ऐकतो. पण ऐकणं म्हणजे मानणं नव्हे. जो माणूस नेहमी सरळ बोलतो त्याच्या बोलण्याने नायकाचं मत बरंच हलतं. जो वाढवून बोलतो त्याच्या बोलण्याने थोडंच हलतं. माझा चुलता आमच्या तांड्याचा नायक होता. मी लहानपणी त्याच्या पाठीमागे बसून हे बघितलं होतं. लॅपटॉपमधला फिल्टर हेच करतो. आधीच्या आकड्यांवरून त्याचा स्वतःचा एक अंदाज असतो. नवा आकडा आला की तो अंदाज त्या आकड्याकडे थोडासा सरकतो. किती सरकायचं ते मी ठरवायचं. मी ठरवलं, फरकाचा पन्नासावा हिस्सा. लाटा आणि फेस त्यात विरून गेले.

बाभळीचा बंदोबस्त वेगळा केला. अंदाजापेक्षा पंधरा सेंटिमीटरहून जास्त वेगळा आकडा आला, तर तो घ्यायचाच नाही. बाहेर. स्क्रीनच्या कडेला बारीक लाल अक्षरात नोंद होईल, बस.

०९२० ला बटण दाबलं आणि सांगतो, ते दृश्य बघण्यासारखं होतं. आतापर्यंत स्क्रीनवर रेष वेड्यासारखी नाचत होती. ती एकदम शांत झाली. सरळ, गुळगुळीत, ताशी तीन-चार सेंटिमीटरने सावकाश चढणारी. खालून एक आख्खं लिंबाचं झाड गेलं, मुळांसकट. रेष हललीही नाही. मी खेळ करणाऱ्या जादूगारासारखा हात पसरून कॅप्टन साहेबांना स्क्रीन दाखवली. त्या म्हणाल्या, "गुड." त्यांच्याकडून गुड मिळणं म्हणजे आमच्यासाठी मेडल होतं.

पुलावर आणखी एक मोजणारा होता. गावचे कोतवाल, सखाराम मामा. साठीच्या आसपासचे, खांद्यावर टॉवेल. खांबावर पिवळ्या रंगाने मीटरच्या खुणा रंगवलेल्या होत्या. त्या कठड्यावरून वाकून वाचायच्या, हे त्यांचं काम. ते सकाळपासून दर पंधरा मिनिटांनी मला आकडा सांगत होते आणि तो नेहमी माझ्यापेक्षा वीस सेंटिमीटर जास्त असायचा. मी जाऊन बघितलं. मामा लाटेचा माथा वाचत होते.

"मामा, माथा न्हाई वाचायचा. माथा आणि खळगा, दोन्हीचा मध धरायचा."

"साहेब, बुडणारा माणूस मधात बुडतो का माथ्यात?"

सगळे हसले. मीही हसलो. मग मी ठरवलं, मामांच्या आकड्यातून वीस वजा करायचे. थोड्या वेळाने तेही सोडून दिलं. ते सांगायचे, मी "व्हय व्हय" म्हणायचो. माझ्याकडे सरळ रेष होती.

दहा वाजता पाणी चार शून्य पाच. अकरा वाजता चार शून्य आठ. चौतीस माणसं अलीकडे आली होती. राहिली नऊ. टेकाडावरचं ते एकच घर, विटा-मातीचं, वर पत्रे. शेळ्यावाल्या म्हाताऱ्याचं कुटुंब.

वरच्या अंगाला एक पाझर तलाव होता. त्याचा बांध त्या सुमारास फुटला. आम्हाला ते माहीत नव्हतं. पुलावर निरोप आला तो ११५० ला.

पुढच्या वेळा माझ्या तोंडपाठ आहेत. लॅपटॉपमध्ये नोंदल्या गेल्या आणि नंतर मी त्या अनेकदा वाचल्या.

१११८ ला पाणी चार दहा होतं. डबाही चार दहा म्हणत होता, रेषही. तिथून पाणी मिनिटाला सहा सेंटिमीटर चढू लागलं. माझी रेष पन्नासाव्या हिश्श्याने त्याच्या मागे सरकत होती. तीन मिनिटांत डबा चार अठ्ठावीसवर आणि रेष चार तेरावर. फरक पंधरा. त्यानंतरचा प्रत्येक आकडा पंधराहून जास्त वेगळा होता. म्हणून प्रत्येक आकडा बाहेर गेला. आत काहीच येत नव्हतं, म्हणून रेष हलत नव्हती. सकाळपासून ती इतकी स्थिर कधीच नव्हती.

११२२. सखाराम मामा कठड्यावरून म्हणाले, "साहेब, पाणी चढून राहिलं."

"व्हय मामा. लाट हाय."

११२४. रेडिओ.

"ब्रिज, बोट. नौ लोग बैठ गए. बकरी नहीं. लेव्हल क्या है? ओव्हर."

कॅप्टन साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघितलं.

"चार तेरह, मॅम. स्टेडी."

"बोट, ब्रिज. चार तेरह, स्टेडी. आ जाओ. ओव्हर."

"रॉजर. आउट."

त्या वेळी खरं पाणी चार सेहेचाळीस होतं.

११२५. मामा पुन्हा म्हणाले, "साहेब, साडेचारची खूण बुडून राहिली." मी हात वर केला, थांबा म्हणून. मी लाइफ जॅकेटांची मोजदाद करत होतो.

११२७ ला बोट सुटली.

११२८ ला सखाराम मामा आले, माझं मनगट धरलं आणि मला कठड्यापर्यंत ओढत नेलं. साडेचारची पिवळी खूण दिसत नव्हती. मी खळगा येण्याची वाट पाहिली. खळगा आला. खूण खळग्यातही दिसली नाही.

मी परत येऊन स्क्रीनची कड बघितली. खालपासून वरपर्यंत लाल. शेवटचा आकडा चार एकाहत्तर.

"मॅम, लेव्हल गलत है. चार सत्तर. मेरी गलती."

त्यांनी एक सेकंदही प्रश्नात घालवला नाही. रेडिओ माझ्या हातात दिला. "अपनी भाषा में बोल."

"मिलिंद, पाणी चार सत्तर. वळता येतं का? ओव्हर."

नदीच्या मध्याच्या थोडं अलीकडे होता तो. उत्तर यायला पाच सेकंद लागले.

"न्हाई वळत. वळलो तर आडवी होईल. येतो तसाच. दोर खाली आणा. बंधाऱ्याकडं." मग म्हणाला, "आउट."

आम्ही काठाने पळालो. मी, आमचे दोन जवान, सॅपर बलविंदर आणि सॅपर जोजो, आणि दोरांचं बंडल. खिल्लारेने बोटीचं नाक वरच्या अंगाला धरलं होतं आणि मोटर पूर्ण जोरात सोडली होती. बोट नाक वर करून तिरकी तिरकी आमच्या काठाकडे येत होती, आणि त्याच वेळी खाली वाहत होती. दहा मीटर पुढे यायला चाळीस मीटर खाली. मी सर्व्हेअर आहे. पळता पळताही मला ते गणित दिसत होतं.

११३५ ला बोटीचं नाक काठाला लागलं. बंधाऱ्याच्या चाळीस मीटर वर. बलविंदरने दोर नाकाच्या कडीत घातला, जोजोने बाभळीला दोन वेढे दिले. खिल्लारे मागे बसून होता. त्याला मोटर बंद करता येत नव्हती. मोटर बंद झाली असती तर मागचा भाग प्रवाहात फिरला असता आणि सगळे पाण्यात गेले असते. म्हणून तो बसून राहिला आणि एकेकाला पुढे पाठवत राहिला.

आधी दोन पोरं. मग त्यांची आई. मग दोन पोरी, एक मोठी बाई, दोन पुरुष. शेवटी म्हातारा. म्हातारा उतरता उतरता थांबला आणि मागे बघितलं.

"आजा, जा ना बाबा," खिल्लारे म्हणाला. "मोटर तापून राहिली."

म्हाताऱ्याचा हात माझ्या हातात आला. नऊ. मी मोठ्याने म्हणालो, "नऊ. मिलिंद, ये."

तो उठला. त्याच वेळी पाण्याखालून काहीतरी मोटरच्या पंख्याला धडकलं. ओबीएममध्ये एक छोटी पिन असते, शिअर पिन. पंखा आपटला की ती तुटते आणि पंखा इंजिनपासून सुटतो, म्हणजे इंजिन वाचतं. पिन तुटली. इंजिन वाचलं. मोटरचा आवाज एकदम हलका झाला आणि बोटीचा मागचा भाग फिरला. दोर टिकला. कडी उपटून निघाली.

११३९.

बंधाऱ्यापर्यंत चाळीस मीटर होते. त्याने एकदा वल्हं उचललं. एकदाच.

दुसऱ्या दिवशी १६१५ वाजता तो तीन किलोमीटर खाली सापडला. लाइफ जॅकेट अंगात होतं. मी ओळख पटवली आणि सही केली.

टेकाडावरचं घर १२०५ ला पडलं. पत्रे वाहून जाताना आम्ही काठावरून बघितले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मी दोन्ही आकडे सांगितले. पन्नासावा हिस्सा आणि पंधरा सेंटिमीटर. अध्यक्षांनी विचारलं, हे आकडे कोणत्या आदेशात लिहिले होते का? नव्हते. डबाच नवा होता, त्याचे नियम अजून कुणी लिहिले नव्हते. माझ्यावर ठपका आला नाही. माझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये त्या दिवसाबद्दल वाईट अशी एक ओळ नाही. कॅप्टन नायर यांनी जबाबात सांगितलं की आदेश त्यांचा होता. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "तूने गलती बोली, छुपाई नहीं. बस." 

सुट्टीवर आलो तेव्हा चुलत्याला सगळं सांगितलं. नसाबीची उपमाही सांगितली, जरा अभिमानानेच. म्हणजे कल्पना तुझीच होती, अशा थाटात. त्याने तंबाखू मळणं थांबवलं.

"भाया, नसाबीत आमी खोटं बोलणाऱ्याचं कमी धरतो. पण त्याला उठवून लावत न्हाई. बसू देतो. एकच गोष्ट तो चार खेपा म्हणला, की मी उठून जागेवर जातो अन् बघतो. तू तर त्याला दाराबाहेर काढला अन् कडी घातली."

 लहानपणी पाठीमागे बसून मी अर्धंच बघितलं होतं.

उरलेली वर्षं मी इन्स्ट्रक्टर होतो. या विषयावरचा माझा क्लास गाजायचा. मी बाभळीचा अभिनय करायचो, डब्याचाही करायचो. कोतवाल मामांचा मात्र कधी केला नाही. शेवटी तीन गोष्टी फळ्यावर लिहायचो. बाहेर टाकलेला आकडा मोजायचा. सलग तीन बाहेर गेले आणि तिन्ही एकाच बाजूचे असले, तर ती बाभूळ नाही, घंटा वाजली पाहिजे. आणि माणसाने डोळ्यांनी वाचलेला आकडा वेगळ्या पाटीवर लिहायचा, त्यातून काही वजा करायचं नाही. बाभळी एकेकट्या येतात आणि जातात. पाणी येतं ते राहतं. एवढा फरक मला त्या सकाळी ओळखता आला असता. दोन तास रेष सरळ राहिली आणि मी खालचं पाणी बघणं सोडलं.

एक काम मी पाच वर्षं टाळलं. अंत्यविधीच्या दिवशी, कनेरगावला, बाबाराव काकांनी मला विचारलं होतं, "कसं झालं?" मी म्हणालो होतो, "पाणी अचानक वाढलं, काका." यात खोटं काही नव्हतं. पण त्यांनी जे विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं.

रिटायर झाल्यावर तिसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, मी त्यांच्या दुकानात गेलो. ते एका ट्रॅक्टरच्या ट्यूबला ठिगळ लावत होते. मी रिकाम्या डब्यावर बसलो आणि सांगितलं. पहिल्या बाभळीपासून शिअर पिनपर्यंत. हातवारे केले नाहीत. पंधरा सेंटिमीटर किती, ते त्यांनी विचारलं. मी बोटांनी दाखवलं.

ते बराच वेळ ठिगळावर हातोडी मारत राहिले. मग म्हणाले, "मंजे त्याला चार तेरा सांगितलं."

"व्हय."

"अन् व्हतं किती?"

"चार सेहेचाळीस. चढतं."

"बाकीचे सांगून गेले. तुमच्या साहेबबाई बी आल्या व्हत्या. पोरगं वाघावानी गेलं म्हणले सगळे. तो म्हातारा दर साली येतो, बसतो, जातो. तुमीच तेवढे येत नव्हते. मला वाटे, काहून येत नसन हा माणूस."

मी म्हणालो, "काका, तेव्हा खरा आकडा सांगितला असता तर मॅडमनी बोट तिथंच थांबवली असती. मिलिंद वाचला असता. पण पाऊण तासात ते घर पडलं. ती नऊ माणसं..."  पाच वर्षं मी त्या वाक्याचा शेवट शोधत होतो.

त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"ते गणित मला सांगू नका. घर पडन का न्हाई, बोट झाडाला बांधावी का निघावं, हे मिलिंदनं तिथं उभं राहून पाहिलं असतं. त्याच्या डोळ्यापुढं व्हतं सगळं. मला माहीत हाय, तो निघालाच असता. मॅडम न्हाई म्हणल्या असत्या तरी भांडला असता. तसाच व्हता तो." त्यांनी ट्यूब उचलून घमेल्यात बुडवली. "पण मग तो जाणून निघाला असता. तुमी त्याला ठरवायला जागाच ठेवली न्हाई, हवालदार. तेवढी एक तकलीफ माझी राहील. बाकी माझा तुमच्यावर राग न्हाई."

ट्यूबमधून बुडबुडे येत नव्हते. त्यांनी ती झटकली, ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली आणि मला विचारलं, जेवून जाणार का. मी जेवलो. त्यांच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी मिलिंदचा फोटो आहे, वर्दीतला. आम्ही दोघं त्याच्या खाली बसून जेवलो आणि ज्वारीच्या भावावर बोललो.

आता लोक मला शाळांमध्ये बोलावतात, सैन्याच्या गोष्टी सांगा म्हणतात. मी सांगतो, पोरांना हसवतो. शेवटी मिलिंदचं सांगतो. पूर्वी मी म्हणायचो, त्याने पुरातून नऊ जणांना वाचवलं. ते खरं आहे आणि पोरं टाळ्या वाजवतात. काकांकडे जाऊन आल्यापासून मी त्यात एक वाक्य वाढवलं आहे. त्यानंतर टाळ्या वाजत नाहीत, आणि मला ते बरं वाटतं.

नाईक मिलिंद बाबाराव खिल्लारे, राहणार कनेरगाव नाका. कयाधू नदी, सकाळी ११३९. त्याने नऊ जणांना काठावर उतरवलं. तो निघाला तेव्हा खरा आकडा आमच्याकडे होता, आणि आम्ही तो त्याला सांगितला नव्हता.